यंदाची चटणी: मिरची कुठली, कोणती आणि किती?

कृष्णाकाठची (सांगली)

चटणीचे दिवस आले. निरोपांमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, किलोला ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती. म्हणून स्वतंत्र धागाच काढते. (बाहेरगावच्या मंडळींसाठी: इथे चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं वर्षाचं तिखट.)

माझं प्रमाण अर्धा किलो ब्याडगी, पाव किलो संकेश्वरी, पाव किलो गुंटूर. घरात झणझणीत खाणारे असतील तर गुंटूरऐवजी लवंगी घ्या, पण निम्मीच, आणि राहिलेली जागा संकेश्वरीला द्या. यामागचं कारण एकदा कळलं की प्रमाण कुणाला विचारावं लागत नाही. मिरचीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. रंग येतो कॅप्सँथिनमुळे, गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या कुळातलंच ते. तिखटपणा कॅप्सेसिनचा. एक भरपूर असलं म्हणून दुसरं असेलच असं नाही. ब्याडगी रंगाला सगळ्यांत सरस, पण जिभेला सौम्य. लवंगी एवढीशी, रंग बेताचा, तिखटपणा जबर. संकेश्वरी या दोघींच्या मधली. लांब, सुरकुतलेली, रंगही देते आणि झणकाही. शिवाय तिला स्वतःचा एक वास आहे, तो बाकी कुठल्याच मिरचीला नाही.

ब्याडगी हे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं गाव. तिथल्या मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार येतात. डब्बी आखूड, फुगीर. कड्डी लांब, सडपातळ. रंगासाठी घेत असाल तर डब्बी मागा. संकेश्वरी बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरपासून गडहिंग्लजपर्यंतच्या पट्ट्यातली. आपल्या भागाच्या रश्श्याची चव खरं तर तिच्यावर उभी आहे आणि दुर्दैवानं तीच दिवसेंदिवस कमी मिळते.

लग्नानंतर_मिरजेत

ताई, प्रमाण लिहून घेतलं. एक शंका आहे. मिरची पोर्तुगीजांनी आणली असं सगळीकडे वाचते, पण इकडचं जेवण बघून मन मानत नाही. जत्रेचं मटण, मिसळ, पिठलं, सगळं मिरचीवरच चालतं. त्याआधी लोक तिखट खातच नव्हते का?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

मन मानत नसलं तरी ते खरं आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोतल्या तेवाकान खोऱ्यातल्या गुहांमध्ये तिचे फार जुने अवशेष सापडले आहेत आणि तिथली माणसं निदान ६००० वर्षांपासून ती लावून खात आलीत. माणसानं लागवडीखाली आणलेल्या मिरचीच्या प्रजाती एकूण पाच. आपली ब्याडगी, संकेश्वरी, ज्वाला, एवढंच काय ढोबळी मिरचीसुद्धा, या सगळ्या त्यातल्या एकाच प्रजातीच्या, कॅप्सिकम ॲन्युमच्या.

कोलंबस १४९२ साली निघाला तो मिऱ्यांच्या देशाच्या शोधात. मिरी मिळाली नाही, मिरची मिळाली, आणि ती स्पेनला गेली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, १५०० मध्ये पोर्तुगीज ब्राझीलला पोचले, १५१० मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेलं. एकाच दर्यावर्दी राज्याची ठाणी एकीकडे ब्राझीलमध्ये आणि दुसरीकडे गोव्यात, मग त्यांच्या जहाजांतून बी इकडे यायला वेळ लागला नाही. उलट देशाच्या आत शिरायला तिला अवधी लागला. सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या आईने-अकबरीत बादशाही मुदपाकखान्यातल्या पाककृती दिल्या आहेत. त्यांत मिरी आहे, आलं आहे, मिरची नाही.

आल्याचं_रान (कोरेगाव)

मिरजेच्या ताईंना सांगतो, तिखट आधीही होतंच. मिरी, पिंपळी, मोहरी, आलं, सुंठ. आमच्या सातारा-कोरेगाव-कराड पट्ट्यात आलं हेच नगदी पीक, त्यामुळं त्याच्याबद्दल चार शब्द लिहितोच. ओल्या आल्यात तिखट असतं ते जिंजेरॉल. आलं वाळवून सुंठ केली की त्यातल्या काही भागाचं शोगाओल होतं आणि ते मूळच्यापेक्षा जास्त जहाल. म्हणून सुंठवड्यात सुंठ जपून घालतात. तेच आलं रश्श्यात शिजवलं की जिंजेरॉलचं झिंजेरोन होतं, ते सौम्य. एकच कांडं, पण ओलं, वाळलेलं आणि शिजलेलं, तिन्ही वेळा तिखटपणा वेगळा. मिऱ्यांचा तिखटपणा पायपरीनचा. चटणीत आपण मिरचीबरोबर मिरी आणि आलंही घालतो, म्हणजे जुनं आणि नवं तिखट एकाच बरणीत नांदतं.

कृष्णाकाठची

किती छान लिहिलंत दादा. यात एक भर घालते. मिऱ्याचा वेल घाटमाथ्याच्या, कोकण-केरळच्या दमट हवेतच सुखानं वाढतो, लावल्यावर तिसऱ्या वर्षी कुठे फळायला लागतो. माण-खटावच्या किंवा जतच्या माणसानं मिरी विकतच घ्यायची. मिरची मात्र परसात, सांडपाण्यावर, अडीच-तीन महिन्यांत हाताला येते आणि एका फळातल्या बियांतून पुढच्या साली अख्खा वाफा होतो. गरिबाघरच्या भाकरीला पहिल्यांदाच स्वतःच्या दारातलं तिखट मिळालं, म्हणून ती इतकी झपाट्यानं रुजली असं मला ठामपणे वाटतं. त्यात परकं-आपलं करण्यासारखं मला काही दिसत नाही.

मळेकरी (वाळवा तालुका)

शेतातलं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मिरचीला उसासारखं पाणी सोडून घरी येता येत नाही. रोज पीक फिरून बघावं लागतं.

जूनमध्ये लागण करायची तर बी एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेच्या सुरुवातीला टाकायचं. आता ट्रेमध्ये कोकोपीटवर रोपं करतात, ३५ ते ४० दिवसांत लागणीला येतात. गादीवाफ्यावर केली तर पाणी बेतानं द्या, नाहीतर रोप बुडातून कोलमडतं. रानात उंच बेड, ठिबक आणि जमलं तर मल्चिंग पेपर. काळ्या रानात पाणी तुंबलं की मर लागलीच म्हणून समजा.

खरी लढाई बोकड्याची. पानं आकसली की दुकानात जाऊन 'बोकड्याचं औषध द्या' म्हणणारे पुष्कळ. पण पान नीट बघा. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी झाली असेल तर कोळी. आणि शेंडाच आखडला, पानं बारीक पडली, झाड खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. तिन्हींचा इलाज वेगळा. कोळी हा कीटकच नाही, त्यामुळं फुलकिड्याचं औषध मारून तो हटत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो. विषाणूला तर औषधच नाही. झाड दिसलं की उपटून गाडायचं आणि पांढरी माशी आवरायची. आम्ही कडेनं मक्याच्या दोन-तीन दाट ओळी लावतो, माशी तिथं अडते. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे, पांढऱ्या माशीसाठी पिवळे. २०२१ च्या हंगामात आंध्र-तेलंगणात जी मिरची गेली ती बाहेरून आलेल्या एका नव्या फुलकिड्यानं. तो थेट फुलात घुसतो आणि फुलंच गळतात. त्यामुळं आता आमच्याकडंही फुलं झटकून बघायची सवय लागली आहे.

आता आपल्याच भागात लाल मिरची का मिळत नाही ते सांगतो. हिरवी तोडली की आठवड्याला पैसा हातात. लाल करायची तर फळ झाडावर पिकून जरा सुरकुतेपर्यंत थांबायचं, तोवर पाऊस, करपा, फळकूज यांची जोखीम. आणि पिकलेली साधारण चार किलो वाळवावी तेव्हा किलोभर वाळकी मिळते. वर तोडणीची मजुरी. हिशेब मांडला की शेतकरी हिरवीच विकतो, त्याला दोष देता येत नाही.

लग्नानंतर_मिरजेत

मळेकरी दादा, पानाच्या होडीचं आजच कुंडीतल्या झाडावर बघितलं. पालथी आहे! आता बाजारातल्या मिरचीबद्दल कुणीतरी सांगा. गेल्या वर्षी एका दुकानातून घेतलेली मिरची घरी आणली तेव्हा लालभडक होती आणि दोन दिवसांत पिशवीत दमट वास यायला लागला.

यार्डातली_लेक (सांगली)

वजन वाढावं म्हणून काही जण मिरचीवर पाणी मारतात. फार वाईट प्रकार आहे, आणि नुकसान फक्त पैशाचं नाही. वाळलेल्या मिरचीत ओल दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास असावी. त्याच्यावर गेली की आत बुरशी धरते. त्यातली एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते भाजून जात नाही आणि कुटून तर नाहीच नाही. त्यामुळे काळी पडलेली, आतून करडी झालेली मिरची 'चांगल्यात मिसळून जाईल' म्हणून वापरू नका. टाकून द्या.

मी मिरची कशी घेते ते सांगते. मूठभर घेऊन कानाशी हलवायची. बिया खुळखुळल्या पाहिजेत. गप्प राहिली तर ओली आहे. मग एक मोडून आत बघायचं, बिया पिवळसर हव्यात, तपकिरी नकोत. देठ बघायचा, तो घट्ट धरलेला हवा. देठ काढलेली मिरची स्वस्त आणि सोयीची वाटते, पण देठाच्या भोकातून दमट हवा आणि किडे आत जातात, म्हणून देठासकट घ्या आणि कुटायच्या आदल्या दिवशी घरी खुडा. पांढरे चट्टे पडलेली ती फटकी. अर्धवट पिकलेली तोडून वाळवली किंवा वाळताना भिजली की अशी होते. तिला ना रंग ना वास. पोत्याच्या वरची मिरची बघून समाधान मानू नका, हात आत घालून खालची काढायला सांगा. चांगला दुकानदार त्याचा राग धरत नाही.

घरी आणल्यावर दोन-तीन कडक उन्हं दाखवा. पातळ पसरा, दुपारी एकदा हलवा, संध्याकाळी गोळा करून झाका. रात्रभर उघड्यावर राहिली तर दिवसभर गेलेली ओल पुन्हा धरते. उन्हात महिनाभर ठेवू मात्र नका, रंग उडतो.

डंकावरची (कराड)

आमचा घरचा डंक आहे, त्यामुळं या दिवसांत मला श्वास घ्यायला फुरसत नसते, पण हा धागा बघून राहवलं नाही.

डंकावर काय होतं ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली उखळ, वर लोखंडी टोपण बसवलेली मुसळं. मोटरवर आडवा दांडा फिरतो, त्याच्यावरचे खुंट मुसळ उचलतात आणि सोडून देतात. मुसळ स्वतःच्या वजनानं पडतं. दळलं जात नाही, कुटलं जातं. आधी मिरची एकटी. ती चाळायची, चाळणीवरचा चुरा परत उखळात. मग धने, जिरे, तीळ आणि खडा मसाला. लवंग, दालचिनी, मिरी, बाद्यान, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, मसाला वेलदोडा, शहाजिरं, तमालपत्र, हळकुंड, हिंग. हे सगळं घरून मंद आचेवर, एकेक वेगळं, थोड्या तेलावर भाजून आणायचं. एकत्र भाजलं तर दगडफूल करपतं आणि हळकुंड कच्चंच राहतं. खसखस कोरडी भाजायची.

सगळ्यात शेवटी कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर आणि मीठ. कांदा उभा चिरून उन्हात सुकवून मग तेलात गडद बदामी तळून आणा. नुसता परतलेला कांदा आणला की उखळात लगदा होतो, मुसळाला चिकटून बसतो आणि पुढं बरणीत तोच कांदा आंबतो. कांदा पडला की चटणीचा रंग एकदम बदलतो, लालाची गडद तांबडी होते, आणि ती मुठीत धरली की मुटका वळतो. वळला की झाली. किलो मिरचीला मी पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा, पाव किलो धने, पाव किलो मीठ सांगते. बाकी ज्याच्या त्याच्या घरची रीत.

आणि एक कळकळीनं. कुटणारीला घाई करू नका. ती दोन ठोक्यांच्या मध्ये चटणी खालवर करत असते. तिच्या बोटांवर मुसळ यायला एक क्षण पुरतो. तोंडाला ओला फडका बांधून या, लहान पोरांना आणू नका.

अजिंक्यतारा_पायथा

डंकावरच्या ताई, एक विचारतो. आता मसाल्याच्या गिरण्या गल्लोगल्ली झाल्यात, दहा मिनिटांत काम होतं. डंकाची चव खरंच वेगळी, की आपल्याला सवय आहे म्हणून तसं वाटतं?

प्रयोगशाळा_विश्रामबाग (सांगली)

मी खाद्यतंत्र शिकवते, म्हणून याचं उत्तर मी देते. फरक खरा आहे. वेगानं फिरणाऱ्या पात्यांमध्ये मसाला तापतो आणि लवंग, जिरे, धने यांतली उडून जाणारी तेलं त्या उष्णतेबरोबर निघून जातात. गिरणीत गेल्यावर येणारा तो घमघमाट तुमच्या चटणीतून हवेत गेलेला असतो. डंकात ठोके सावकाश, मसाला त्या मानानं थंड राहतो. मोठ्या कारखान्यांत याच कारणासाठी द्रवरूप नायट्रोजननं थंड करून दळण्याची पद्धत वापरतात. कॅप्सेसिन मात्र एवढ्या उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे गिरणीतली चटणी तिखट तेवढीच लागते, वास कमी येतो. गिरणीतच द्यायची वेळ आली तर थोडी थोडी टाकायला सांगा आणि मध्ये परातीत पसरून गार होऊ द्या.

आणखी एक समज दूर करते. 'बिया काढल्या की तिखटपणा जातो' असं म्हणतात. कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या गाभ्यात. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. गाभा खरवडून काढला तरच तिखटपणा उतरतो. पक्ष्यांना हे तिखट लागतच नाही, म्हणून ते मिरच्या खातात आणि बी दूरवर टाकतात. आपल्या तोंडात उष्णता ओळखणारा जो ग्राहक (म्हणजे रिसेप्टर, नसांवरचं संवेदना टिपणारं प्रथिन) आहे, तोच कॅप्सेसिननं चेततो, म्हणून मिरची खाल्ल्यावर भाजल्यासारखं वाटतं. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. मिरी आणि आल्यातली द्रव्यंही त्याच ग्राहकावर काम करतात, कोरेगावच्या दादांच्या यादीतली बरीचशी मंडळी एका जागी भेटतात ती अशी.

रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात नाही. म्हणूनच रश्श्यावर कट येतो आणि सगळ्यात तिखट तोच असतो. जास्त लागलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, दूध किंवा दही घ्या.

लग्नानंतर_मिरजेत

आणि सुटं विकत मिळणारं तयार तिखट? ते एवढं लालभडक कसं असतं?

प्रयोगशाळा_विश्रामबाग

नुसती उत्तम ब्याडगी असेल तर लालभडक असू शकतं. पण रंग भडक आणि भाव मिरचीपेक्षाही कमी असेल तर सावध व्हा. २००३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिखटात सुदान नावाचा कारखानी रंग सापडला होता. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच रंगामुळे शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. हा रंग तेलात मिसळणारा, त्यामुळे घरच्या ग्लासभर पाण्यात तो पकडता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. घरी एवढं करता येतं: पाण्यावर चिमूटभर तिखट टाका. लगेच लाल धार खाली उतरत गेली तर पाण्यात विरघळणारा रंग आहे. तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळून खरखरीत लागला तर विटेची भुकटी किंवा माती. अख्खी मिरची घेऊन समोर कुटून घेण्याला तोड नाही, हे मात्र शिक्षिका म्हणून नाही, घरची बाई म्हणून सांगते.

कृष्णाकाठची

अगदी. मिरचीला हात लावून, वास घेऊन, मोडून बघितल्याशिवाय चटणी आपली होत नाही. आता साठवणीचं. उजेड आणि हवा लागली की रंग फिका पडतो, म्हणून काचेची बरणी ओट्यावर मांडू नका. चिनी मातीची बरणी, तळाला आणि वर हिंगाचे खडे, चटणी दाबून भरायची, तोंडाला फडकं बांधायचं, अंधाऱ्या फडताळात ठेवायची. रोजच्यासाठी लहान डब्यात काढून घ्या, ओला चमचा बरणीत जाऊ देऊ नका. खोबरं मी वर्षाच्या चटणीत घालत नाही, पावसाळ्यानंतर खवट होतं. लागेल तेव्हा भाजून वाटते.

डंकावरची

ताई, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. खोबऱ्याशिवाय आमच्याकडं चटणी होतच नाही. वाटीचं जुनं खोबरं घ्यायचं, बारीक किसून खमंग लाल होईपर्यंत भाजायचं. कच्चट राहिलं तरच खवटतं. आमच्या गिऱ्हाइकांची चटणी पुढच्या शिमग्यापर्यंत चांगली राहते.

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्यात आमच्या घरी तीळ भरपूर आणि खोबरं निम्मं, असा दोन्हींच्या मधला मार्ग आहे.

मळेकरी दादा, संकेश्वरी कमी होत चालली असं ताई म्हणाल्या. परसात चार झाडं लावायची म्हटली तर बाजारातून आणलेल्या वाळक्या मिरचीतलं बी चालेल का?

मळेकरी

चालतं, पण खात्री नाही. मिरची स्वतःच्या परागावर फळते, तरी मधमाश्या एका झाडावरून दुसऱ्यावर जातातच. शेजारी दुसरी मिरची किंवा ढोबळी असली की बी भेसळीचं होतं. यंदाच्या फळात ते दिसत नाही, पुढच्या साली झाड वेगळंच निघतं. शिवाय यंत्रावर फार तापवून वाळवलेली असेल तर बी मेलेलं असतं. उन्हात वाळवलेली, देठाची, पूर्ण पिकलेली मिरची निवडा. बी लगेच काढून राखेत घोळून ठेवा. परसातल्या झाडांपैकी ज्याला बोकड्या लागला नाही त्याच्या मधल्या बहरातली चांगली दोन-चार फळं बियाण्याला राखा, त्यांच्यावर फूल असतानाच पातळ कापडाची पिशवी बांधली तर भेसळ टळते.

माझ्याकडं गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडून आलेलं घरचं संकेश्वरीचं बी आहे, या वर्षी एक ट्रे जास्त टाकतोय. वाळवा, इस्लामपूर, सांगली भागात ज्यांना पाच-दहा रोपं हवी असतील त्यांनी मेच्या शेवटी मला निरोप टाका. पैसे नकोत, हंगाम संपला की थोडं बी परत द्या.